तानीची फांदी

निंबटाकळीच्या वरच्या अंगाला, जिथं काळी जमीन संपते आणि मुरमाड माळ सुरू होतो, तिथं गोल दगडांची एक रास आहे. दगड लिंबाएवढे. राशीवर शेंदूर नाही, झेंडा नाही, जवळ देऊळही नाही. नवखा माणूस ती कुणी बांधकामाला आणून टाकलेली खडी समजतो आणि खुशाल तिच्यावर टेकतो. मग गणोजीआबा त्याला उठवतात. गावात आलेल्या पाहुण्यांना माळ दाखवायचं काम या म्हाताऱ्यानं आपणहून अंगावर घेतलं आहे, आणि ते काही तो गोड बोलून करत नाही. "उठा. ते गोफणगुंडे हायती," एवढंच म्हणतो. खाली ज्वारीच्या शिवारात जागोजागी वाळक्या फांद्या रोवलेल्या दिसतात आणि त्यांच्यावर काळे कोतवाल पक्षी बसलेले असतात. एखाद्या हौशी पाहुण्यानं ते उडवायला टाळी वाजवायचा बेत केला, तर आबा त्याचा हात धरतात. तेव्हा आबांचा हात गार पडलेला असतो, असं ज्यांचा धरला गेला ते सांगतात.

आबा सांगतात ती हकिकत फार जुनी. किती जुनी ते विचारू नये. आबांच्या आजोबांनाही ती जुनी म्हणूनच कळली होती. गावानं म्हणे एक मोठा दुष्काळ काढला होता. भिवरा नावाच्या बाईची दोन लेकरं. त्यातला थोरला मुलगा त्या दुष्काळात भुकेनं गेला. धाकटी तानी तेवढी उरली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, ज्वारी उगवली, पण लोकांच्या पोटात बसलेली भीती काही निघाली नाही. पीक वीतभर वाढतं न वाढतं तोच जो तो मचाणावर चढून गोफण फिरवू लागला. पाखरू दाणा खातं, एवढंच त्यांच्या डोक्यात. कणसात दाणा भरायला अजून महिने होते, हे कुणी मनावर घेतलं नाही.

भिवराचा नेम साऱ्या गावात पक्का. म्हणून शिवाराची राखण गावानं तिच्याकडे दिली. कामाला लागण्याआधी ती वेशीवरच्या देवीपुढे गेली. या देवीला गाव नुसतं आई म्हणतं. भिवरानं तानीला पुढ्यात उभं केलं आणि सगळ्यांदेखत बोलली, "आई, खळं होईस्तवर ह्या पिकावर पाखराची सावली पडू देनार न्हाई. पडली, तर माझी तानी तुझी."

ऐकणारे चरकले. एका म्हातारीनं तिला सुनावलंही, की लेकराला असं पणाला लावू नये. पण एवढ्या मोठ्या बोलीवाचून देवी आपलं ऐकायची नाही, असं भिवराला वाटलं. पोटचा पोर उपाशी गेलेला बघितलेली बाई होती ती. तिला नावं ठेवणं सोपं आहे.

बोली तिनं पाळली. साळुंक्या गेल्या, बगळे गेले, कोतवाल गेले. जे उडून गेले नाहीत ते तिच्या गुंड्यांनी पडले. गावानं तिची वाहवा केली. हळूहळू शिवार इतकं मुकं झालं, की माणसाला आपलाच श्वास मोठा वाटावा. आणि अशा एका संध्याकाळी मचाणावर बसलेल्या भिवराला पानांवर रिमझिम वाजल्याचं ऐकू आलं. तिनं वर बघितलं. आभाळ कोरडं होतं.

ती खाली उतरली आणि तिनं ज्वारीचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उलगडून बघितली. आत अळ्या होत्या. शेजारच्या ताटात होत्या, त्याच्या पलीकडच्यात होत्या. आवाज त्यांच्या खाण्याचा होता. सकाळी गाव उठून बघतं तो शिवाराच्या एका कडेला पानांच्या नुसत्या शिरा उभ्या होत्या, आणि खाऊन मोकळ्या झालेल्या अळ्या पुढच्या वावराकडे सरकत होत्या. लोकांनी आडवा चर खणला. अळ्या चरात पडल्या, की वरून माती लोटायची. लेकरंबाळं मडकी घेऊन वेचायला बसली. वेचलं तेवढं थोडंच. दिवस कलला, की पुन्हा तो आवाज सुरू व्हायचा. घरात बसून बाया कान झाकून घ्यायच्या म्हणे.

अळ्या वेचत वेचत भिवरा माळाच्या कडेला पोचली. तिथं, राखणीच्या शिवाराबाहेर, ज्वारीचा एक तुकडा हिरवागार होता. तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मधोमध एक वाळलेला हिवर उभा होता आणि त्याच्या फांदीवर कोतवाल बसला होता. मचाणावरून तिची गोफण इथवर पोचत नव्हती. कोतवाल झेपावला, पानावरची अळी चोचीत घेऊन परत त्याच फांदीवर आला. मग पुन्हा झेपावला. भिवरा तिथंच बांधावर बसून राहिली. पीक कुणी राखलं आणि कुणी बुडवलं, ते तिला कळलं. आणि त्याच्यापाठोपाठ आपली बोली आठवली. पाखरं आली नाहीत, तर गावातली लेकरं पुन्हा भुकेनं जाणार. आली, तर तानी जाणार.

तिनं गावाला सगळं सांगितलं.  मग तिनंच हिवराची एक वाळकी फांदी मोडून आणली, शिवाराच्या मधोमध रोवली आणि तानीला मांडीवर घेऊन तिच्याखाली बसली. देवीला लेक न्यायचीच असेल, तर आपल्या डोळ्यांदेखत न्यावी, असं तिच्या मनात होतं. दूर उभं राहिलेलं गाव बघत होतं. बऱ्याच वेळानं माळावरून एक कोतवाल आला. त्याची सावली आधी पिकावरून सरकली, मग तानीच्या तोंडावरून. तानी हसली आणि वर बोट दाखवू लागली.

त्या दिवशी लोकांनी आपापल्या झोळ्यांतले गुंडे माळावर ओतले आणि वावरावावरात फांद्या रोवल्या. पाखरं परतू लागली. पण संध्याकाळी तानीचं अंग तापलं.

ताप उतरेना. तानी डोळे उघडेना. भिवराचा दीर हैबती दाराशी येऊन उभा राहिला. भावजयीचे हाल त्याला बघवत नव्हते. "वैनी," तो म्हणाला, "नुसतं हूं म्हना. समद्या फांद्या आत्ता उपटतो."

भिवरानं लेकीच्या कपाळावरचा हात काढला नाही. "ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "थोरला भुकेनं गेला. दुसऱ्यांची लेकरं त्याच वाटंनं कशी धाडू?"

हैबती तसाच माघारी गेला. शिवारात कोतवाल, साळुंक्या, बगळे दिवसभर राबत होते. चर खणणारे हातही थांबले नव्हते. अळी रोज कमी होत गेली, तो आवाज विरत गेला आणि पोंग्यांतून धड पानं बाहेर येऊ लागली. एका सकाळी तानीनं डोळे उघडले आणि भाकर मागितली. थोरल्यानंही शेवटी भाकरच मागितली होती. घरात पीठ नव्हतं. तिनं उकडलेला पाला भरवला. तानीनं तो खाल्ला, तिला दरदरून घाम फुटला आणि ती झोपली. भिवरा तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. दुपारी तानी उठून अंगणात गेली.

वेशीवरच्या आईनं भिवराची बोली का वसूल केली नाही, याचा उलगडा कुणाला झाला नाही. त्या साली खळी भरली. तानी मोठी झाली, लग्न होऊन नांदायला गेली. पण आई विसरली, असं भिवराला कधीच वाटलं नाही. अंगणावरून पाखराची सावली सरकली, की म्हातारपणीही ती खांब धरायची म्हणे.

आजही निंबटाकळीत पेरणीपासून कणसं बाहेर पडेपर्यंत गोफण घराबाहेर निघत नाही. ज्वारी वीतभर झाली, की प्रत्येक घर माळावरच्या राशीत एक गुंडा ठेवतं आणि शिवारात पहिली फांदी रोवली जाते. तिला तानीची फांदी म्हणतात. गावातली एक लेकुरवाळी आपलं मूल मांडीवर घेऊन तिच्याखाली बसते, आणि पाखरू येऊन बसेपर्यंत कुणी बोलत नाही. सावली मुलावरून जाते तेव्हा त्या लेकुरवाळीची मिठी घट्ट होते. त्या संध्याकाळी घरोघरी आया आपल्या लेकरांच्या कपाळाला हात लावून बघतात. गणोजीआबांची लेक आता स्वतः आजी झाली आहे. आबा तिच्याही कपाळाला हात लावतात.