सदूनं गाडी सुधारली

वडजी गावात एक भोळा होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण ते मतदानापुरते. हा बारमाही होता. त्याचं नाव सदू.

सांगितलेलं काम सदू कधी टाळायचा नाही. जसं सांगितलं तसं करायचा. शिकवलेलं विसरायचा नाही. माणसात एवढे गुण एकदम आले की घरच्यांनी देव पाण्यात घालावेत.

सदूकडे एक जुनी, हलकी मोटारसायकल होती. इतकी हलकी की वारा सुटला की ती वाऱ्याचं ऐकायची, सदूचं नाही. ब्रेक दाबला की तोंड खाली घालायची. खड्डा आला की मागून उडायची. हँडल तर असं थरथरायचं, की समोरचा माणूस समजायचा हा आपल्याला नको नको म्हणतोय.

सदूची बायको केशर बाळंतपणाला माहेरी गेली होती, हिवऱ्याला. मुलगी झाली. मुलगी आता हसायला लागली होती. मार्गशीर्ष सरत आला होता. पुढे पौष. पौषात लेक सासरी पाठवत नाहीत. आत्ता आणली नाही तर मायलेकी आणखी महिनाभर तिकडेच. एसटी दोन्ही गावांना शिवत नव्हती. म्हणून सदू गाडी घेऊन न्यायला गेला.

सासरे दौलतराव अंगणात उभे होते. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी गाडीवर एक चक्कर मारली आणि कंबर धरून खाली उतरले.

"जावई, ह्या घोड्यावर माझी लेक बसायची नाही."

"का, मामा?"

"का म्हणजे? लोकांची हाडं मी जन्मभर हलवली. पण ती परक्यांची होती. ही माझी लेक आहे आणि ती माझी नात. गाडी सुधारून आणा. सरळ चालली पाहिजे, धक्का बसता कामा नये. आणि पौषाच्या आत या, नाहीतर महिनाभर फिरकू नका."

दाराआडून केशर म्हणाली, "अहो, मिस्त्री सांगेल तसंच करा हं. स्वतःचं डोकं चालवू नका."

"कधी चालवलंय?" सदू म्हणाला. खरं होतं ते.

तो थेट फाट्यावर यासीन मिस्त्रीकडे गेला. ऊसतोडीचे दिवस. मिस्त्री ट्रॅक्टरखाली आडवा होता. तिथूनच त्यानं गाडीकडे पाहिलं.

"पुढच्या पाइपातलं तेल पातळ पडलंय. म्हणून तोंड खाली घालते. घट्ट तेल भर."

"किती घट्ट?"

"चांगलं घट्ट रे! जा आता."

सदू घरी आला. घट्ट तेल शोधू लागला. गोडं तेल पाहिलं, पातळ. एरंडेल पाहिलं, बरं होतं, पण ओघळत होतं. मग कोनाड्यातली खोबरेलाची बाटली उचलली. थंडीनं पांढरं झालेलं. बाटली उलटी धरली. थेंब पडला नाही.

"याच्याहून घट्ट तेल तालुक्यात नाही," सदू म्हणाला.

चुलीजवळ धरून त्यानं ते पातळ केलं, पाइपात ओतलं आणि गाडी रात्रभर थंडीत उभी केली. सकाळी पुढचे पाइप असे गोठले की गाडीला गुडघेच राहिले नाहीत. रस्त्यातला खडा न् खडा सदूच्या दातांना कळला. दुपारी ऊन चढलं. तेल वितळलं. विहिरीपाशी ब्रेक दाबला तशी गाडीनं जमिनीला नमस्कार केला आणि सदूनं तिच्या डोक्यावरून. वास मात्र असा घमघमत होता, की गाडीला वेणी घालायची तेवढी राहिली होती.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे, उन्हात ज्याचं पाणी होतं ते गाडीत घालतात होय? आधी उन्हात ठेवून बघावं, वितळलं तर फेकून द्यावं!"

"चुकलं मिस्त्री. आता लक्षात ठेवतो."

आणि सदूनं लक्षात ठेवलं. तिथंच तर सगळं बिघडायचं.

मिस्त्रीनं पाइपात गाडीचं तेल भरून दिलं. सदूच्या हातात ग्रीसचा डबा ठेवला. "हँडलखालचे छर्रे कोरडे पडलेत, म्हणून थरथरतंय. हँडल काढ, छर्ऱ्यांना हे फास, परत बसव. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल की."

सदूनं डबा आधी उन्हात ठेवला. भर दुपारी, पत्र्यावर. ग्रीस ओघळायला लागलं. सदू हसला. या वेळी तो फसणार नव्हता. डबा उकिरड्यावर गेला. मग त्यानं एकेक वस्तू पत्र्यावर ठेवून पाहिली. मेण वाकलं. गुळाला घाम आला. चिकणमाती मात्र वितळली नाही. उलट घट्ट झाली.

"ही खरी," सदू म्हणाला, आणि छर्ऱ्यांत चिकणमाती भरली. दिवसभर उन्हात वाळवली.

हँडलची थरथर गेली. हँडलचं वळणंही गेलं. गाडी रस्त्यानं सरळ निघाली. म्हसोबापाशी रस्ता वळला. गाडी वळली नाही. ती शिरपतीच्या कांद्यात शिरली आणि वाफे मोजत चालली.

शिरपती बांधावरून ओरडला, "अरे सदू, कुठं चाललास?"

"हिवऱ्याला!"

"हिवऱ्याचा रस्ता तिकडंय!"

"रस्ता तिकडंय, पण गाडी इकडंय!"

शिरपतीनं दोघांनाही कांद्यातून ओढून काढलं. गाडीला हळूच, सदूला कानाला धरून.

मिस्त्रीनं छर्ऱ्यांतली माती खरवडताना सदूच्या सात पिढ्यांची आठवण काढली. "शहाण्या, गाडीत जे हलायचंय ते मोकळं पाहिजे! मोकळं! जाम करून ठेवायचं नाही."

"चुकलं मिस्त्री. आता लक्षात ठेवतो."

"ठेव. आता मागचं चाक बघ. त्याला धरणारा हा चिमटा, खालीवर हलतो तो. त्याच्या सांध्यातले बुश झिजलेत. नवे घाल आणि नट लाव."

सदूनं नवे बुश घातले. नट लावला. मग चिमटा हलवून पाहिला. हलत होता. म्हणजे मोकळा पाहिजे. त्यानं नट सैल केला. मग मडगार्ड हलवून पाहिलं. तेही थोडं हललं. सैल केलं. पायदाणी सैल केली. दिवा सैल केला. मागची सीट कुरकुरत हलत होती, तिचे तर नटच काढून खिशात ठेवले. बिचारी किती वर्षं जखडून पडली होती.

आई म्हणाली, "मला बाजारात सोड. नातीला झबलं घ्यायचंय."

सदूची आई गिरजाबाई. तोंडाची फटकळ, मनाची मऊ, वजनाची भारी. ती मागे बसली. गाडी निघाली. आधी नंबरप्लेट उतरली. मग दिवा उतरला. ग्रामपंचायतीच्या चढाला गाडी जरा हलकी वाटली. मागून "सदूऽऽ" असा आवाज आला. मग तो आवाज लांब गेला.

सदूनं मागे वळून पाहिलं. वाळूच्या ढिगावर आई बसली होती. सीटवरच बसली होती. फक्त सीट गाडीवर नव्हती.

"आई, उतरलीस का? बाजार पुढंय."

"मुडद्या, मी उतरले नाही, तू उतरवलंस!"

हसू नका. असा एक तुमच्याही घरात असतो. त्याच्याकडे गाडी नसते, एवढंच तुमचं नशीब.

गिरजाबाईनं सदूला पुढे घातलं, गाडी त्याला ढकलायला लावली आणि फाटा गाठला. "मिस्त्री, तो ट्रॅक्टर राहू दे. आज माझी सून आणायचा शेवटचा दिवस. उद्या अमावस्या, मग पौष. नातीचं तोंड मी अजून पाहिलं नाही. तुझ्या हातानं गाडी कर. ह्याला पान्याला शिवू देऊ नकोस."

मिस्त्री निमूट उठला. नट आवळले, दिवा बसवला, सीट बसवली. मग म्हणाला, "आता मागचे शॉकअप वजनाप्रमाणे लावायचे. सदू, तू पुढे बस. मागे केशरएवढं वजन पाहिजे."

गिरजाबाईनं शेजारच्या दुकानातून ज्वारीचं पोतं मागून आणलं. अंदाजानं थोडी ज्वारी काढली, केशरएवढं केलं. नातीचं म्हणून वर एक लहान गाठोडं बांधलं. मिस्त्रीनं दोरी आवळली आणि शॉकअपची एकेक खाच फिरवत गेला. चक्कर मारून पाहिली. खड्ड्यातून गाडी गेली, पण खड्ड्यालाही कळलं नाही.

"लोणी झालं," मिस्त्री म्हणाला. "आता सदू, नीट ऐक. एकदा जुळवून आवळलेलं परत हलवायचं नाही. काय?"

"हलवायचं नाही. लक्षात ठेवतो."

गिरजाबाई दुकानदाराला पोत्याचं सांगायला वळली, तोवर सदूनं किक मारली होती.

हिवऱ्यात दौलतराव वाटच पाहत होते. पोत्यासकट गाडी घेऊन वेशीपर्यंत गेले, परत आले. मिशीत हसले.

"जावई, पास! असली गाडी मला सरकारनं कधी दिली नाही. आता वेळ घालवू नका. दिवस मावळायच्या आत गाडी तुमच्या दारात लागली पाहिजे." आणि बायकांना घाई करायला ते आत गेले.

आत केशरची ओटी भरणं चाललं होतं. लेकीला कुंची घातली होती. आजी रडत होती, मावशी रडत होती. रडायला वेळ लागतोच.

बाहेर सदूनं सूर्याकडे पाहिलं. तो कलला होता. मग गाडीकडे पाहिलं. मागे पोतं होतं. जुळवलेलं, आवळलेलं. ते हलवायचं नव्हतं.

सदूनं किक मारली.

दिवस मावळायच्या आत गाडी वडजीत दाराला लागली. गिरजाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या.

"ओवाळ आई," सदू म्हणाला. "सबंध वाटेत एक धक्का बसला नाही."

गिरजाबाईनं पोत्याकडे पाहिलं. पोत्यामागे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा न ओवाळताच कोंबड्यांना टाकला.

तेवढ्यात सदूचा फोन वाजला. केशर होती.

"अहो, मी ओटी घेऊन अंगणात उभी आहे. लेक कडेवर आहे. तुम्ही गेलात कुठं?"

"घरी पोचलो की."

"मला टाकून?"

"टाकून कसं?" सदू म्हणाला. "तुझ्याएवढंच वजन आणलंय. पोरीचं गाठोडंसुद्धा विसरलो नाही."