नागाच्या दारातली मडकी

पूर्वी अश्मक देशात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या एका गावी कुंभाराच्या घरी जन्मले होते. त्या गावाला नदी नव्हती, विहीर नव्हती. होता तो एक झरा. कातळातल्या खोल डोहाच्या तळाशी, पाण्याखाली एक गुहा होती आणि तिच्यातून पाणी वर येई. गुहेत नाग राहतो आणि तोच पाणी देतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. म्हणून घरात मूल जन्मो, लग्न निघो की पेरणी होवो, लोक मडक्यात मध आणि खीर भरत, लाखेने तोंड बंद करत आणि मडके डोहात सोडत. डोहाचा तळ गुहेकडे उतरता होता, त्यामुळे मडके घरंगळत बरोबर नागाच्या दारात जाई.

ही मडकी बोधिसत्त्वांच्या घरची असत. आजा, बाप आणि आता ते स्वतः, तिघांचेही पोट त्यांवर चालले.

एका वर्षी झरा मंदावला. नाग रागावला असे समजून लोकांनी अधिक मडकी सोडली. झरा आणखी मंदावला, तशी आणखी मडकी गेली. भट्टी विझेना आणि झरा वाहेना, असे दिवस आले.

झऱ्याचा पुजारी ऋजुक म्हातारा आणि अगदी भोळा माणूस होता. चाळीस वर्षांत त्याने कुणाला फसवले नव्हते. तो एके सकाळी बोधिसत्त्वांच्या अंगणात आला.

“एक रांजण कर,” तो म्हणाला. “माझ्या कमरेला बांधून बुडता येईल एवढा. चांगला पक्का भाज.”

“कशासाठी, बाबा?”

“माझ्याच सेवेत काही उणं राहिलं. खिरीनं नागाचं पोट भरत नाही, तर पौर्णिमेला मीच जातो.”

बोधिसत्त्वांनी विचार केला. नाही म्हणावे, तर म्हातारा कमरेला धोंडा बांधायचा.

“रांजण सावलीत वाळायला वेळ लागतो,” ते म्हणाले. “पौर्णिमेपर्यंत पाण्यात पाऊल टाकणार नाही, एवढा शब्द मला द्या.”

ऋजुकाने शब्द दिला. बोधिसत्त्व रांजणाची माती तुडवू लागले, तोच पायाला काहीतरी टोचले. जुने खापर होते. त्यावर आजोबांच्या अंगठ्याची खूण होती. आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली, पण खापराचा कोपरासुद्धा झिजला नव्हता. बोधिसत्त्व तसेच चिखलात उभे राहिले. तीन पिढ्यांची मडकी पाण्यात गेली, ती मग कुठे असतील?

“म्हणजे आपलीच मडकी झऱ्याच्या घशात अडकलीत म्हणता?” त्यांची पत्नी उत्पला म्हणाली. “हे गावाला कळलं, तर आपल्याकडून मडकं कोण घेईल? आपल्याच पोटावर पाय द्यायला निघालात तुम्ही.”

“आपल्या पोटासाठी ऋजुकबाबांना बुडू देऊ?”

उत्पलाने आतून दोर आणला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कमरेला बांधला.

हातात धोंडा घेऊन बोधिसत्त्व डोहात उतरले. खाली पाणी हिरवे आणि बर्फासारखे गार होते. गुहेच्या तोंडाशी मडक्यावर मडके बसून भिंत उभी राहिली होती. ते एकेक मडके काढून वर आणत, श्वास घेत आणि पुन्हा जात. बोटे खापरांनी कापली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तळातले एक मडके ओढले आणि भिंत ढासळली. आतून पाण्याचा लोंढा सुटला. दोर सैल पडला, तेव्हा काठावर त्याचे टोक धरून बसलेल्या उत्पलाने आकांत केला. पण लोंढ्यानेच त्यांना वर फेकले होते. दोन ओंजळी पाणी ओकून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा कोरडा पाट भरून वाहत होता.

काठावर मडक्यांचा ढीग पडला होता. ऋजुकाने त्यातले एक ओळखले. पुजारी झाला त्या वर्षी त्याने ते सोडले होते. लाख जशीच्या तशी होती.

“एक घासही घेतला नाही त्यानं,” म्हातारा रडू लागला. “चाळीस वर्षं केलं ते सगळं खोटं?”

“भक्ती खोटी नव्हती, बाबा. मडकं फार पक्कं होतं.”

“नाग दिसला का रे तुला?”

“नाही दिसला. पण आत कुणी असलाच, तर आपण त्याच्या दारात भिंत घालत होतो.”

तेव्हापासून गावकरी कच्च्या मातीची वाटी करून तीत एक फूल सोडू लागले. हात जोडेपर्यंत ती पाण्यात विरून जाई. अशी वाटी कुणालाही घरी करता येते, त्यामुळे बोधिसत्त्वांचा धंदा बसला आणि त्या घरात कितीतरी दिवस पातळ पेजेवर भागवावे लागले. रांजण मात्र त्यांनी कबूल केल्याप्रमाणे पौर्णिमेला दिला, चांगला पक्का भाजून. तो झऱ्याच्या वाटेवर ठेवला गेला, आणि ऋजुक मरेपर्यंत त्याच्याशेजारी बसून वाटसरूंना पाणी देत असे.

ही कथा तथागतांनी एका वृद्ध भिक्खूच्या अंथरुणाशी बसून सांगितली. आपल्या साधनेत काही उणे आहे असे वाटून त्याने अन्न सोडले होते, आणि तो उठूही शकत नव्हता.

“तेव्हाची उत्पला ती आजची राहुलमाता,” तथागत म्हणाले. “कुंभार मी होतो. आणि ऋजुक, भिक्खू, तूच होतास. तेव्हाही देह द्यायला निघाला होतास, तेव्हाही पौर्णिमेपर्यंत थांबवावं लागलं होतं.”

भिक्खूच्या सुकलेल्या ओठांवर हसू आले. त्याने उशाशी ठेवलेल्या पेजेच्या वाडग्याकडे हात नेला, आणि तथागतांनी तो वाडगा त्याच्या ओठांशी धरला.

या जन्मी बोधिसत्त्वांनी प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, पूर्ण केली.