तीन गाठींचा दोर

एका राज्यात, जिथले पक्षी माणसांपेक्षा कमी आणि बरं बोलत, मेघवर्मा नावाचा राजा होता. राजा भला, पण खोड एकच. गाठीचं वस्त्र त्याला खपत नसे. विणताना धागा तुटून गाठ मारावी लागली, की ते ठाण जाळून टाका, असा हुकूम. साळी बिचारे रडत आणि जाळत.

एकदा कुंभळ नावाचा जादूगार शाल घेऊन आला. शालीत गाठ निघाली. राजानं ती भर दरबारात भिरकावली.

जादूगार म्हणाला, "राजा, गाठ पडेल, तेव्हाच तुझी लेक तुला मिळेल."

त्याच क्षणी राजकन्या इंदुमतीची साळुंकी झाली आणि काचेच्या मनोऱ्याच्या टोकावर जाऊन बसली; तिथून तिला उडता येईना.

राजाला वाटलं, गाठ पडायची ती जादूगाराचीच. सात वर्षं त्यानं शोध घेतला. घोडे थकले, जादूगार काही भेटला नाही.

इंदुमतीला अंगावर पाजलं होतं चिमाई साळिणीनं. एका सकाळी तिच्या हातमागावर राघू येऊन बसला.

"चिमाई, तीन दिवस उरले. तिसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला, की इंदुमती माणसाची भाषा विसरेल. मग ती कायमची साळुंकी."

"मी काय करू, राघोबा?"

"त्या मनोऱ्याला लाकूड-लोखंड लागलं, की त्या लाकूड-लोखंडाचंच पाणी होतं. रेशीम तेवढं टिकतं. दोर वळा. टोक मी वर नेईन. राजवाड्यातही हेच सांगून आलोय."

इंदूच्या लग्नातल्या शालूसाठी जपलेलं रेशीम चिमाईनं काढलं. पहिल्या दिवशी ओढ जास्त बसली आणि दोर तुटला. तिनं गाठ मारली. दुसऱ्या दिवशी उंदरानं कुरतडला. "मेल्या, आजच तुला भूक लागली?" म्हणत तिनं पुन्हा गाठ मारली. तिसऱ्या दिवशी चुलीतली ठिणगी उडाली. आता मात्र ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसले आणि तिसरी गाठ मारली. दुसरं रेशीम होतं कुठं?

मनोऱ्यापाशी राजाचे दोर लोंबत होते, एकसारखे, गुळगुळीत. तीन राजपुत्र चढले, तिघेही घसरून आपटले आणि पाठ चोळत बसले. सूर्य माथ्यावर येत होता.

चिमाई मान खाली घालून म्हणाली, "महाराज, माझ्या दोराला गाठी आहेत. क्षमा असावी."

राजाचा चेहरा आंबट झाला. पण लेक वर होती. "चढा," तो म्हणाला.

राघूनं टोक वर नेऊन कळसाला गुंडाळलं. चिमाई चढली. हात घसरे, पाय घसरे, आणि नेमकी तेव्हाच पायाखाली गाठ लागे. उंदराच्या गाठीवर तर तिनं चक्क दम खाल्ला.

वर साळुंकी अडखळत बोलली, "को... कोण?"

"मी गं, बयो. तुझी दूधआई."

चिमाईनं तिला छातीशी घेतलं. दोघींची गाठ पडली. पिसं गळाली, आणि कुशीत इंदुमती रडत होती. मनोऱ्याचं पाणी झालं. त्यानं दोघींना अलगद जमिनीवर टेकवलं आणि ते ओढ्याला जाऊन मिळालं.

राजा धावला. लेकीला कवटाळून तो त्या दोराच्या गाठी चाचपत राहिला.

"किती ठाणं जाळली मी, चिमाई," तो म्हणाला.

"पुष्कळ, महाराज," चिमाई म्हणाली. "आता विणू."

हुकूम त्याच दिवशी उठला. पुढं इंदुमतीच्या लग्नातल्या शालूच्या पदरावर, अगदी दिसेल अशी, एक गाठ होती. ती राजानं स्वतः मारली होती. जरा वेडीवाकडीच बसली, पण सुटली नाही.

कहाणीचा धागा इथं संपला. पुढं विणायचा असेल, तर गाठ तुम्ही मारा.