चंदनाचा शेजार

पूर्वी कुंभवती नगरात यशकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोकिळाच्या योनीत जन्मले. राजोद्यानातल्या चंदनवनात राहणाऱ्या कोकिळांचे ते नायक होते.

त्या वनाचा राजाला मोठा अभिमान. उद्यानपाल सुदंत तर झाडांखाली गवताची काडी टिकू देत नसे. पिकली फळे वेचून, लख्ख साफ केलेल्या जमिनीत तो स्वतःच्या हाताने बी पेरी. रोप उगवे, वीतभर वाढे आणि सुकून जाई. बारा वर्षांत एकही जगले नाही. इकडे जुनी झाडे वठू लागली.

खापर फुटले ते पाखरांच्या माथ्यावर. "महाराज, चांगले बी हे काळे चोर गिळतात. आमच्या हाती येते ते पोचट," सुदंत म्हणाला. राजाने वनावर जाळी टाकायला लावली. सारे कोकीळ अडकले. बोधिसत्त्व तेवढे बाहेर होते. पळून जाणे सोपे होते, पण ते थेट राजासमोर येऊन बसले.

"महाराज, फळे आम्ही खाल्ली हे खरे. बी कुठे ठेवले ते दाखवतो. पटले नाही, तर पहिली मान माझी मुरगळा."

"चोर आता माल दाखवणार!" सुदंत हसला.

राजा मात्र उठला आणि कोकिळामागे निघाला. नगराबाहेर काळशिला नावाची टेकडी होती. उजाड म्हणून तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. तिथे करवंदीच्या जाळ्यांतून, बोरीबाभळींच्या आडोशाने पुरुषभर उंचीचे चंदन उभे होते. राजा बघतच राहिला.

"यांना पाणी कोणी घातले?"

"कोणी नाही, महाराज. चंदनाचे मूळ शेजाऱ्याच्या मुळाला धरून जगते. सुदंत शेजार उपटतो. आम्ही झुडपांवर बसतो, आणि आमच्या विष्ठेतले बी तिथेच पडते. आम्ही परक्या घरट्यात वाढलेली जात. परक्या मातीत रुजता येते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्या नातवाच्या कपाळीचे गंध आमच्या पोटातून आलेले असेल, याचा मला अभिमान आहे."

मागोमाग आलेल्या सुदंताने एका चंदनाचे खोड कुरवाळले. "बारा वर्षे मीच मारीत होतो त्यांना," म्हणून तो रडू लागला. राजा संतापला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "शिक्षा नको, महाराज. झाडांवर इतकी माया करणारा दुसरा मिळायचा नाही. फक्त त्याचे खुरपे काढून घ्या."

राजाला हसू आले. त्याने स्वतः जाऊन जाळी सोडली.

दूरच्या सीमाप्रांतात धर्म सांगायला जाण्यास कचरणाऱ्या पियसील भिक्षूला भगवंतांनी ही कथा सांगितली. "तेव्हाचा राजा म्हणजे आजचे स्थविर सुमेध. कोकीळ म्हणजे ही परिषद. नायक मी होतो. सुदंतासारख्या वैऱ्यावरही केलेली माया, हीच त्या नायकाची मैत्री."

"आणि सुदंत, भगवन्?" पियसीलाने विचारले.

"ज्याला बी हातातून सोडवत नव्हते, तो तूच."

पियसीलाने वंदन केले, पात्र उचलले आणि सीमेची वाट धरली.