बयजा कासारणीचा बिनघोड्यांचा रथ

सोनवटीच्या राजाने दवंडी पिटवली, "आजपासून राजरस्ता चाकांचा! रस्त्याला ज्याचा पाय लागेल, तो हद्दपार!"

दवंडीवाला पायीच फिरत होता. पहिला हद्दपार तोच झाला.

हे शहाणपण राणीच्या भावाचं, धवलरावांचं. त्यांना रथ पळवायची हौस. माणसं मध्ये येतात म्हणून रथ पळत नाही, ही त्यांची तक्रार. माणसं रथाखाली येतात, ही माणसांची तक्रार. राजाने मेहुण्याची ऐकली. राणीच्या भावापुढे कोणत्या राजाचं चाललंय?

बाजार रस्त्याच्या एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या. ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांना भाजी मिळेना, आणि ज्यांच्याकडे भाजी होती ते ती न धुताच खाऊ लागले.

अशात राजकन्या इंदुमतीचं लग्न उभं राहिलं. मांडव सजला, नवरदेव वेशीवर आला, पण नवरीचे हात रिकामे! हिरवा चुडा कासारणीने आपल्या हाताने भरायचा, त्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, ही सोनवटीची रीत. गावात कासारीण एकच, बयजा. तिचं घर राजवाड्याच्या अगदी समोर. मध्ये रस्ता.

राजा दारात येऊन ओरडला, "बयजे, ये लवकर!"

बयजा ओट्यावरून ओरडली, "कशी येऊ महाराज? मला पाय आहेत!"

"ते मला सांगू नकोस! रस्त्याला पाय लागता कामा नये, एक बांगडी फुटता कामा नये, आणि मुहूर्ताच्या आत चुडा भरला गेला पाहिजे. नाहीतर तूही हद्दपार!"

"फुटली म्हणू नये महाराज, वाढवली म्हणावं. लग्नघर आहे."

"पालखी पाठवतो!"

"भोयांनी पाय कुठे ठेवायचे?"

"मग हत्ती!"

"त्याला तर चार आहेत. आणि केवढाले!"

राजा खवळला. त्याने स्वतःचा रथ पाठवला. रथ ओट्याला येऊन लागला. बयजा टोपली घेऊन ओट्यावरूनच आत चढली आणि पदर सावरून बसली. सारथ्याने चाबूक उचलला.

"थांब रे. हे पुढे काय जुंपलंय?"

"घोडे, मावशी."

"पाय आहेत त्यांना?"

सारथ्याने वाकून पाहिलं. "आहेत."

"मग सोड त्यांना. मला या वयात हद्दपार व्हायचं नाही. तुलाही पोरंबाळं आहेत."

सारथ्याने थोडा विचार केला आणि बसल्या जागेवरून वाकून घोडे सोडले. घोडे बाजारात कोथिंबीर खायला गेले. त्यांनी दवंडी ऐकली नव्हती.

"बयजे, काय झालं?" राजा ओरडला.

"निघालेच महाराज! रस्ता चाकांचा आहे ना? चाकं हलली की आलेच!"

"चाकं आपोआप हलतात होय?"

"मला काय ठाऊक? माझा जन्म पायी चालण्यात गेला. धवलरावांना विचारा!"

इकडे भटजी घंगाळात तरंगणाऱ्या वाटीवर डोळे लावून बसले होते. ती बुडाली की मुहूर्त. "महाराज, वाटी अर्धी भरली!"

राजाचा संयम संपला. "थांब, मीच ओढून आणतो तुझा रथ!" असं म्हणत तो तरातरा निघाला.

तो रस्त्याच्या मधोमध आला तेव्हा बयजा म्हणाली, "महाराज, पाय!"

राजा एक पाय वर धरून उभा राहिला. तेवढ्यात उजवीकडून धुरळा उठला. धुरळ्यात धवलरावांचा रथ होता.

"ए पायी चालणाऱ्या! डोळे गहाण ठेवलेस का? रस्ता चाकांचा आहे!"

राजाने उडी मारली. जमली म्हणायची. राजा गटाराशी पडला, पागोटं गटारात पडलं आणि एक जोडा चाकाखाली गेला.

रथ थांबला. धवलरावांनी मागे वळून पाहिलं. "दाजीसाहेब, तुम्ही?"

"धवलराव! माझ्या अंगावर रथ घालता?"

"त्यांच्यावर रागावू नका महाराज," बयजा रथातूनच म्हणाली. "त्यांनी तुमचाच कायदा पाळला. चूक तुमची आहे. रस्त्यात पाय तुमचा होता. तेव्हा तुम्ही हद्दपार कधी होताय तेवढं सांगा, म्हणजे कन्यादान कोण करणार ते भटजींना कळवता येईल."

राजाने आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं. आणि मग तो असा हसला, असा हसला, की मांडवातले वाजंत्रीवाले मुहूर्त लागला समजून वाजवू लागले!

"पण बयजे," राजा डोळे पुसत म्हणाला, "म्हणून पायी लोकांनी रस्त्यात वाटेल तसं हिंडायचं का?"

"मुळीच नाही! कडेनं चालावं, दोन्हीकडे बघून ओलांडावं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून सुनांच्या कागाळ्या करणाऱ्या बायांना मी स्वतः हाकलीन. पण ओलांडायला एक हक्काची जागा द्या. तुमच्या दारापासून माझ्या ओट्यापर्यंत चुन्याचे पट्टे ओढा. पट्ट्यावर पाय दिसला की रथ थांबला पाहिजे. पाय राजाचा की कासारणीचा, ते विचारायचं नाही. आणि त्या दवंडीवाल्याला परत बोलवा!"

मांडवाचा चुना आला. पट्टे ओढले गेले. रथ अडवायला हात वर करून धवलरावांना उभं केलं.

"महाराज, वाटी बुडत आली!" भटजी किंचाळले.

"धाव बयजे!"

बयजा रथातून उतरली. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. "रस्ता ओलांडताना धावू नये महाराज," ती म्हणाली आणि चालत आली.

"हात सैल सोड गं पोरी," म्हणत तिने इंदुमतीला चुडा भरला. एकही बांगडी वाढवली नाही. रीतीप्रमाणे राजकन्या कासारणीच्या पाया पडली, तेव्हा कुठे वाटी बुडाली.

राजाने आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि बयजाच्या हातात घालू लागला. ते जरा अडकलं.

"हात सैल सोड," राजा म्हणाला.

"तुम्ही मला शिकवू नका!" बयजा म्हणाली, आणि राजा पुन्हा हसत सुटला.