चहापाण्यातलं पाणी

फार जुनी गोष्ट. तेव्हा घरातली भांडी खरोखर भांडायची.

तुळोजी शिंप्याचं डोकं रोज दुपारी ठणकायचं. मग तो सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायचा.

एके दिवशी सुंठ भडकली. "झिजून झिजून नखाएवढी उरले मी! रोजचं दुखणं येतं कुठून? सकाळपासून पोटात काय गेलं तुझ्या?"

"चहापाणी चालूच आहे की," तुळोजी कण्हला.

तसा कोपऱ्यातला तांब्या खणखणला, "खोटं! नुसता चहा चालू आहे. त्यातलं पाणी कुठे गेलं? सकाळी भरून ठेवलंस मला, अजून काठोकाठ आहे. वरचं फुलपात्रसुद्धा हललेलं नाही!"

तुळोजीने कपाळाला हात लावला.

तांब्या आणखीच संतापला. "कपाळाला काय हात लावतोस? मला लाव!"