दीडची रेघ

खूप जुन्या काळी एका सुताराच्या फूटपट्टीवर एकची रेघ आणि तिची लेक, दोनची रेघ, राहत होत्या. दोघींच्या मधे दीड उभी असायची. परकीच्या शेजारी आपली लेक कशी राहत असेल, या काळजीने एकचा डोळा लागत नसे. "मी उगाचच घाबरते बहुतेक," असं म्हणत म्हणतच तिने एक दिवस पॉलिश पेपरला गळ घातली, "भाऊजी, तेवढी दीड पुसून टाका ना."

त्याने घासघासून दीड पुसली. लाकूड गुळगुळीत झालं आणि त्या गुळगुळीत जागेतून आवाज आला, "मावशी, रेघ गेली. मी इथेच आहे."

"मीही आहे," अलीकडून सव्वा म्हणाली. "मीही," पलीकडून पावणेदोन. मग ज्यांना नावंच नाहीत असे आवाज उठू लागले. प्रत्येक दोघींच्या मधून आणखी एक, आधीपेक्षा बारीक.

एकची रेघ किंचाळली, "सोनू, तुला अगदी चिकटून कोण उभं आहे गं?"

"चिकटून कुणीच नाही, आई," दोन कुजबुजली. "जिला विचारावं ती म्हणते, माझ्याहूनही तुझ्याजवळ अजून एक आहे."